ज्याची वायर, त्याची बातमी

गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे सरकारी माणसं सांगतात. बाकी नाशिक विचारतं, "मारुतीला पाणी कुठं लागलं?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही इथली पूर मोजायची पट्टी. गुडघे, कंबर, छाती, गळा. पाणी कमरेच्या वर सरकायला लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातली माणसं दुकानातला माल हलवायला घेतात.

ही बातमी शहराच्या जेमतेम निम्म्या भागाच्या कामाची, आणि तीही पुढच्या तीन-चार तासांपुरती. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘गावकरी’ किंवा ‘देशदूत’मध्ये ती छापून येते तोवर पाणी ओसरायला लागलेलं असतं. मुंबईच्या वाहिनीवर ती आली तर वीस सेकंद येते, आणि त्यातही मारुती नेमका किती बुडालाय ते दाखवायच्या आत जाहिरात लागते. मधल्या जागेत, साधारण नव्वदच्या दशकापासून पुढची वीसेक वर्षं, एक विलक्षण चीज होती: लोकल केबलचं बातमीपत्र. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला, किंचित हिरवट चित्रात, मागे पडदा लावून बसलेली निवेदिका आणि खाली सरकणारी पट्टी. नाशिकच नव्हे, महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या गावांत ते होतं. ते आलं कुठून, चाललं कसं आणि आक्रसलं का, हे समजून घ्यायचं तर पत्रकारितेपेक्षा वायरचा इतिहास आधी बघावा लागतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपण ज्याला ‘लोकल चॅनेल’ म्हणत होतो ते कायद्याच्या हिशेबाने चॅनेल नव्हतंच. त्याला उपग्रह नव्हता, प्रक्षेपणाचा परवाना नव्हता. ते केबलवाल्याच्या वायरीत उरलेल्या रिकाम्या जागेत बसलेलं भाडेकरू होतं. कधी घरमालक स्वतःच त्या खोलीत राहायचा, कधी दुसऱ्याला द्यायचा. पुढे जे काही घडलं, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीतून घडलं.

देशात दूरदर्शन १९५९ मध्ये दिल्लीत सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. १९८२ मध्ये टीव्हीला रंग आला आणि त्याच दशकात व्हीसीआरही आला. व्हीसीआर महाग, म्हणून मोठ्या शहरांतल्या इमारतींमध्ये कुणीतरी एक व्हीसीआर घेऊन त्याची वायर सगळ्या मजल्यांवर फिरवायला सुरुवात केली. महिन्याला ठरावीक पैसे, रोज रात्री एक सिनेमा. केबलचा जन्म हा असा. उपग्रहाशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. वायर आधी आली, आकाशातल्या वाहिन्या नंतर.

त्या आल्या १९९१ मध्ये. जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं आणि सीएनएनची दृश्यं बघायला मोठ्या हॉटेलांच्या गच्च्यांवर डिश लागल्या. त्याच वर्षी एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टार टीव्ही सुरू झालं आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी. ज्यांच्याकडे सिनेमा दाखवायची वायर आधीच गल्लीगल्लीत पोचली होती, त्यांना फक्त डिश विकत घ्यायची होती. व्हिडिओ लायब्ररीवाले, इलेक्ट्रिकवाले, टीव्ही दुरुस्तीवाले असे लोक बघता बघता ‘केबलवाले’ झाले. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड अशा भागांचं नाशिक तर या धंद्याला सोयीचंच: दाट वस्ती, जवळजवळ घरं, वायर टाकायला विजेचे खांब आणि शेजाऱ्यांच्या गच्च्या.

आता कंट्रोल रूममध्ये जाऊ. एखाद्या बंगल्याच्या गच्चीवरची पत्र्याची खोली, वर डिश. आत रॅकमध्ये एकावर एक ठेवलेले रिसीव्हर आणि मॉड्युलेटर. डिशवरचा सिग्नल रिसीव्हरमध्ये आला की तो एका वेळी एकाच वाहिनीचं चित्र आणि आवाज बाहेर काढतो. मॉड्युलेटर ते चित्र एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर बसवतो. एका वाहिनीला सात ते आठ मेगाहर्ट्झची जागा लागते. असे वीस-तीस मॉड्युलेटर, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी, मग कंबायनर नावाच्या डब्यात सगळ्यांचा एकच प्रवाह होतो आणि तो जाड काळ्या कोअॅक्सियल वायरीतून बाहेर पडतो. वायर जितकी लांब तितका सिग्नल क्षीण, म्हणून ठरावीक अंतरावर अॅम्प्लिफायर. पण अॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर त्यातली खरखरही वाढवतो. नळाच्या शेवटच्या घराला पाणी जसं करंगळीएवढं येतं, तसं केबलच्या शेवटच्या घराला चित्र यायचं. ‘मुंग्या येतायत’ ही तक्रार तिथली.

यातली मेख अशी, की मॉड्युलेटरला काय जोडायचं हे त्याला विचारावं लागत नाही. डिशचा रिसीव्हर जोडा, नाहीतर व्हीसीआर. एक मॉड्युलेटर विकत घेतला, त्याला व्हीसीआरच्या दोन वायरी लावल्या, की झालं तुमचं स्वतःचं चॅनेल, आणि ते थेट हजारो घरांत. प्रक्षेपण मनोरा नको, उपग्रहाचं भाडं नको. जवळजवळ प्रत्येक केबलवाल्याने असा एक मॉड्युलेटर सिनेमांसाठी ठेवलेलाच होता. बातम्या त्याच्यात शिरल्या. सुरुवातीला कित्येक ठिकाणी वेगळी वाहिनी नसायचीच; सिनेमा चालू असताना साडेसातला तो थांबायचा, अर्धा तास गावातल्या बातम्या व्हायच्या आणि हिरो जिथे थांबला होता तिथून पुन्हा सुरू व्हायचा.

कॅमेरे कुणाचे? लग्नवाल्यांचे. नव्वदच्या दशकात गावात खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा, लाइट आणि तो चालवता येणारा माणूस एकाच ठिकाणी मिळायचा, तो म्हणजे व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात. त्यामुळे लोकल बातम्यांचं चित्रीकरण बरीच वर्षं लग्नाच्या चालीचं होतं. स्टेजवरच्या पाहुण्यांवरून कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरणार, मग हार, मग समोर बसलेले श्रोते, मग पुन्हा पाहुणे. आंदोलन असो की उद्घाटन, हाच क्रम. दाट तिथी असली की बातम्यांना कॅमेरा मिळणं मुश्कील व्हायचं, तेही ओघाने आलंच.

खरी करामत एडिटिंगची. कॉम्प्युटरवर कापाकापी सुरू व्हायच्या आधी दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून काम चालायचं. एकात शूट केलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी. कोऱ्या कॅसेटचा व्हीसीआर रेकॉर्ड आणि पॉज दाबून थोपवून ठेवायचा. पहिल्यावर हवा तो शॉट आला की दुसऱ्याचा पॉज सोडायचा. पण व्हीसीआर पॉज सोडल्याबरोबर धावत नाही. टेप किंचित मागे घेतो, वेग पकडतो, मग लिहायला लागतो. म्हणजे बोट अर्धा सेकंद आधी किंवा नंतर पडायला हवं, आणि किती ते त्या यंत्राच्या खोडीवर अवलंबून. हाताला सवय झालेला माणूस हे न बघता करायचा. त्यावर निवेदनाचा आवाज वेगळा चढवायचा. प्रत्येक वेळी प्रत काढली की चित्र एक पायरी उतरायचं: मूळ कॅसेट, तिच्यावरून जोडलेलं बातमीपत्र, त्यावरून काढलेल्या प्रती. तिसऱ्या प्रतीत लाल रंग शेजारच्या रंगात सांडायला लागायचा. उत्सवातला गुलाल निवेदिकेच्या गालापर्यंत यायचा.

आणि प्रती काढाव्याच लागायच्या, कारण शहरात एक कंट्रोल रूम नव्हती, अनेक होत्या. प्रत्येक भागाचा केबलवाला वेगळा, त्याची वायर वेगळी. इंदिरानगरातल्या घरात आणि म्हसरूळच्या घरात एकच बातमीपत्र दिसायचं तर दोन्ही कंट्रोल रूममध्ये कॅसेट पोचायला हवी. म्हणजे एक पोरगा, एक मोपेड आणि पिशवीत कॅसेटी. पहिल्या कंट्रोल रूममध्ये सातला बातम्या, शेवटच्या ठिकाणी साडेआठला. द्वारका चौकात ट्रॅफिक लागला तर नाशिकरोडच्या बातम्या उशिरा लागणार, हे उघडच होतं. त्यात भारनियमनाचे दिवस. कंट्रोल रूमला जनरेटर असला तरी रस्त्यावरच्या अॅम्प्लिफायरना वीज मिळायची कुणाच्या तरी घरातून किंवा खांबावरून, आणि ती गेली की पुढची सगळी गल्ली आंधळी. म्हणून तेच बातमीपत्र रात्री उशिरा आणि सकाळी परत लावायची पद्धत पडली. आजच्या भाषेत ‘हवं तेव्हा बघा’, फक्त भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे.

त्या बातमीपत्रात काय असायचं? आज यूट्यूबवरच्या गावठी चॅनेलांना नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरूर आठवून बघावं. महापालिकेची महासभा. नाशिक महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली, पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली. म्हणजे नगरसेवक नावाचा प्राणी आणि केबल नाशिकमध्ये जवळजवळ बरोबरच वयात आले. आपल्या वॉर्डातला माणूस सभागृहात उभा राहून पाण्याच्या टाकीवरून भांडतोय, हे दृश्य मतदाराला पहिल्यांदा घरबसल्या दिसायला लागलं. भांडणं वाढली की कॅमेरा आला म्हणून वाढली, असं म्हणणारेही होते, आणि त्यात तथ्य नसेलच असं नाही.

मग शनिवारी अमुक भागात पाणीपुरवठा बंद. रंगपंचमीला जुन्या नाशिकमधल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद, उघडल्या: शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, तांबट लेन. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला, आणि तिथल्या माणसांना दुसऱ्या दिवशी स्वतःला रंगात उडी मारताना बघायचं असायचं. गणपतीची मिरवणूक तर तासन् तास, न कापता. बाहेरच्याला ते बघवलं नसतं. गावातला माणूस मात्र कुठलं मंडळ कितव्या नंबरला आहे आणि आपला भाचा ढोलपथकात दिसतो का, हे बघत बसायचा. दहावी-बारावीचे गुणवंत. बाजार समितीतले भाव. आणि खाली पट्टी.

पट्टी हा या धंद्याचा पोटापाण्याचा भाग. वरचं बातमीपत्र तोट्यात, खालची पट्टी नफ्यात, असा सरळ हिशेब बऱ्याच ठिकाणी होता. साड्यांचा सेल अमुक मंगल कार्यालयात. क्लासचे प्रवेश सुरू. हरवले आहेत. वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि ‘यांचे दुःखद निधन, दशक्रिया विधी रामकुंड, पंचवटी येथे सकाळी ८ वाजता’. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीपेक्षा ही स्वस्त, आणि दुपारी दिली तर संध्याकाळी लोकांच्या डोळ्यासमोर. मृत्यूची बातमी वेळेत पोचणं हे गावात मोठं काम असतं. कुठल्याही मोठ्या वाहिनीला ते जमलेलं नाही, जमणारही नाही.

पैशाची दुसरी वाट निवडणुकीची. उमेदवाराची पदयात्रा ‘बातमी’ म्हणून दाखवायची आणि बिल जाहिरातीचं लावायचं, हा प्रकार केबलवर मोठ्या वृत्तपत्रांच्या आधीपासून उघड चालायचा. कारण इथे संपादक, जाहिरात व्यवस्थापक आणि वसुलीचा माणूस बहुतेक वेळा एकच. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवडणूक आयोगाने टीव्ही आणि केबलवरच्या राजकीय जाहिराती आधी तपासून घेणं सक्तीचं केलं. आजही निवडणुकीत जिल्ह्याला माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समिती बसते. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत टीव्हीवर किंवा केबलवर प्रचाराचं काही दाखवायला कायद्याने बंदी आहे. जाहिरात ओळखता येते, म्हणून तपासता येते. पदयात्रेच्या ‘बातमी’वर पेड न्यूज म्हणून नजर ठेवणंही याच समितीचं काम, पण ती पैसे घेऊन दाखवली हे ओळखायचं कसं, हा प्रश्न तसाच राहिला.

आता कायद्याकडे वळू, कारण इथे एक गंमत आहे. नाशिकमध्ये खासगी एफएम रेडिओ आहे. त्याच्यावर गाणी लागतात, गप्पा होतात, ट्रॅफिक आणि हवामान सांगतात. पण स्वतःच्या बातम्या नाहीत. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायच्या, ही मुभा. देशभर हाच नियम. आणि त्याच शहरात गच्चीवरच्या खोलीतून एक माणूस व्हीसीआर लावून रोज बातम्या देत होता, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. असं का?

कारण रेडिओ हवेतून जातो आणि केबल वायरीतून. हवेतल्या लहरी मर्यादित, त्यांच्यावर सरकारचा ताबा १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासूनचा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं, त्यांच्या वाटपासाठी स्वतंत्र यंत्रणा असावी असंही म्हटलं. पण ती वाटायला कुणीतरी लागणारच, आणि वाटणारा अटी घालतो. वायरीला लहरींचं वाटप लागत नाही. म्हणून केबलचा कायदा आला तो परवान्याचा नव्हता, नोंदणीचा होता. १९९४ मध्ये अध्यादेश, १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा. नोंदणी कुठे करायची? मुख्य पोस्ट ऑफिसात. फॉर्म भरा, वर्षाचे ५०० रुपये भरा. जिथे मनीऑर्डर करायची तिथेच टीव्हीचं जाळं नोंदवायचं. ही पद्धत अगदी परवापर्यंत होती. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलून ती थेट मंत्रालयाकडे ऑनलाइन नेली.

तुलनेसाठी उपग्रह वाहिनी घ्या. २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बातम्यांची पहिली वाहिनी काढायची तर कंपनीची निव्वळ मालमत्ता किमान २० कोटी रुपये हवी. इकडे एक मॉड्युलेटर आणि ५०० रुपयांची पावती, तीही वायरीची. बातमीपत्रासाठी वेगळं काहीच नाही.

याचा अर्थ मोकळं रान होतं असा नाही. कायद्यात कार्यक्रम संहिता आहे, जाहिरात संहिता आहे, दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवायची सक्ती आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त यांना ‘प्राधिकृत अधिकारी’ म्हणून थेट अधिकार आहेत: सामाजिक तेढ वाढेल असं वाटलं तर कार्यक्रम किंवा वाहिनी थांबवायची, नियम मोडल्याचं दिसलं तर यंत्रसामग्री ताब्यात घ्यायची. मोठ्या वाहिनीशी सरकार नोटिशीने बोलतं, वकील उभे राहतात. केबलवाल्याची खोली पोलीस ठाण्यापासून पाच मिनिटांवर असते. बातमीपत्रवाल्याला धाक दिल्लीचा कधीच नव्हता. धाक होता तो ओळखीच्या माणसांचा.

त्यातली सर्वात जवळची ओळख म्हणजे वायरचा मालक. लोकल बातम्यांचा इतिहास सांगताना हे सहसा झाकून ठेवलं जातं. त्या बातम्या खड्ड्यांबद्दल निर्भीड होत्या, कचऱ्याबद्दल तर फारच. पण केबलचे दर वाढले, चित्र नीट येत नाही, एका केबलवाल्याने दुसऱ्याची वायर कापली, ही बातमी मी तरी केबलवर बघितल्याचं आठवत नाही. शहरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ती असायची. केबल आणि राजकारण यांची सोयरीकही महाराष्ट्रात जुनीच: वसुलीसाठी दर महिन्याला घराघरांत जाणारी पोरं ही कुठल्याही उमेदवाराला हवीहवीशी फौज.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या कंपन्या उतरल्या: झी समूहाची सिटीकेबल, हिंदुजांची इनकेबल, रहेजांची हॅथवे. यांना मल्टि-सिस्टम ऑपरेटर, थोडक्यात एमएसओ म्हणतात. यांनी गल्लीतल्या केबलवाल्याला हटवलं नाही; त्याला सांगितलं, तू डिश आणि रिसीव्हरचा खर्च सोड, सिग्नल आमच्याकडून घे, वायर आणि वसुली तुझी. मग कंट्रोल रूम एकमेकींना ऑप्टिकल फायबरने जोडल्या गेल्या. लोकल बातम्यांना हा काळ सोन्याचा. कॅसेट घेऊन धावणारा पोरगा गेला. एका जागी बातमीपत्र लावलं की अर्धं शहर एकाच वेळी बघणार, म्हणजे जाहिरातदाराला सांगायला मोठा आकडा. थेट प्रक्षेपण शक्य झालं, निवडणुकीच्या मतमोजणीला स्टुडिओत चार जाणकार बसवता आले. चोवीस तास बातम्या देणारी पहिली मराठी उपग्रह वाहिनी, झी चोवीस तास, आली २००७ मध्ये. त्याआधी, म्हणजे ऑगस्ट २००३ मध्ये कुंभमेळ्यात सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली तेव्हा, मराठीत सतत बातम्या देणारं केबलशिवाय दुसरं काही नव्हतंच.

पण याच काळात बातमीपत्राचा घरमालक बदलला. आधी सिडकोतल्या केबलवाल्याशी वाद झाला तर सिडकोपुरतं बंद पडायचं, पंचवटीत चालू राहायचं. आता एका स्विचवर सगळं. दोन एमएसओंची शहरात चढाओढ असली की बातमीपत्रालाही बाजू घ्यावी लागे, आणि एका बाजूचं झालं की दुसऱ्या बाजूच्या घरांतून ते गायब. नंबरालाही किंमत होती. जुन्या टीव्हींना आठ किंवा बारा बटणं. पहिल्या बारात असलात तर लोक बघणार, पन्नासाव्या जागेवर असलात तर टीव्हीला तो बँडच पकडता येत नाही. मोठ्या वाहिन्या चांगल्या जागेसाठी पैसे मोजायला लागल्या, तसतसं लोकलचं बातमीपत्र मागे मागे ढकललं गेलं.

मग डिजिटायझेशन. सरकारला ते का हवं होतं, हे करमणूक कराकडे बघितलं की कळतं. केबलवाला प्रत्येक जोडणीमागे कर भरणार, पण जोडण्या किती हे तोच सांगणार. काळ्या वायरीला कुणी किती फाटे काढले ते मोजायचं कुणी? वाहिन्यांचीही तीच बोंब: हजार घरं असताना दोनशेचे पैसे. सेट-टॉप बॉक्सने हा प्रश्न सुटतो, कारण प्रत्येक बॉक्सला क्रमांक असतो आणि सिग्नल कुलूपबंद असतो. डिसेंबर २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मुंबई-दिल्लीसह चार महानगरं पहिल्या टप्प्यात, ऑक्टोबर २०१२ अखेर. दहा लाखांवर लोकसंख्येची ३८ शहरं दुसऱ्यात, मुदत ३१ मार्च २०१३. त्यात नाशिक होतं.

डिजिटलमध्ये जागा वाढते. जिथे एक जुनी वाहिनी मावायची तिथे दहा-बारा मावतात. मग लोकल बातम्यांना सुगी यायला हवी होती की! आली नाही. जुन्या पद्धतीत कंट्रोल रूम शहरात, मॉड्युलेटर शहरात. डिजिटलचा हेडएंड, म्हणजे मुख्य कंट्रोल रूम, महागडा: एन्कोडर, मल्टिप्लेक्सर, कुलुपाची यंत्रणा, ग्राहकांची नोंद ठेवणारा सर्व्हर. कंपन्यांना तो दर शहरात उभारण्यापेक्षा एका ठिकाणी उभारून फायबरने सगळीकडे नेणं परवडतं. म्हणजे नाशिकच्या घरातल्या टीव्हीवर काय दिसणार, त्याचा क्रमांक काय, हे नाशिकबाहेर ठरायला लागलं. गावातली बातमी त्यात घुसवायची तर स्थानिक पातळीवर वेगळी उपकरणं बसवा, किंवा बातमी मुख्य हेडएंडला पाठवून परत बोलवा. ते करायचं की नाही, हे कंपनीने ठरवायचं. केबलवाल्याला व्हीसीआर जोडायला आता वायरच उरली नाही. तो वसुलीचा एजंट झाला. फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या दररचनेत शंभर वाहिन्यांपर्यंत महिना १३० रुपये अधिक कर असं नेटवर्कचं शुल्क ठरलं आणि प्रत्येक पैशाची वाटणी कागदावर आली. लोकल बातमीपत्राचा त्या कागदावर रकाना नव्हता.

रकाना मिळाला तो ३० नोव्हेंबर २०२२ ला. केंद्राने ‘प्लॅटफॉर्म सेवां’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली, म्हणजे केबल कंपनी स्वतःच्या जाळ्यापुरत्या चालवते त्या वाहिन्यांची. प्रत्येक वाहिनीची हजार रुपये भरून ऑनलाइन नोंदणी. जाळ्यावर एकूण जितक्या वाहिन्या मावतात त्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा, ती राज्यनिहाय मोजायची, आणि जिल्ह्यातल्या स्थानिक मजकुरासाठी प्रत्येक जिल्ह्याला आणखी दोन. स्थानिक बातम्या द्यायच्या तर चालवणारी संस्था कंपनी म्हणून नोंदलेली हवी. दाखवलेलं सगळं ९० दिवस जपून ठेवायचं.

हा शेवटचा नियम वाचून मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. कॅसेटच्या काळात जपणं हा खर्च होता. कोरी कॅसेट विकत घेण्यापेक्षा गेल्या आठवड्याच्या कॅसेटवरच या आठवड्याचं बातमीपत्र चढवायचं, ही सरसकट रीत. त्यामुळे नाशिकच्या दोन दशकांच्या महासभा, मोर्चे, मिरवणुका आणि पूर कुठल्या कपाटात मिळतील याची आशा धरू नये. वर्तमानपत्राचे जुने अंक वाचनालयात बांधून ठेवलेले सापडतात. केबलच्या बातम्या एकमेकींच्या अंगावर रेकॉर्ड होऊन पुसल्या गेल्या.

प्रेक्षक तोवर निघून गेला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि महागडा डेटा स्वस्त झाला. पट्टीचं काम व्हॉट्सअॅपने घेतलं, निधनवार्तेपासून पाणीकपातीपर्यंत. बातमीपत्राचं काम फेसबुक लाइव्ह आणि यूट्यूबने. जुन्या केबलच्या धंद्यातली कित्येक माणसं तिथेच दिसतात: तोच माइकचा ठोकळा, तोच आवाज. आता घरमालक गच्चीवरच्या खोलीत बसत नाही, आणि त्याला फोन लावून ‘अरे बाबा, आमचं चित्र का बंद केलंस’ असं विचारता येत नाही, हा फरक. दुसरा फरक असा, की केबलचं बातमीपत्र आठ वाजता सगळी गल्ली एकत्र बघायची. सभागृहात नगरसेवक काय बोलला ते दुसऱ्या दिवशी नळावर चर्चेला यायचं. मोबाइलवर ज्याला जे आवडतं तेच पुढे येतं, आणि पाण्याच्या टाकीचा ठराव कुणालाच फारसा आवडत नाही.

२०२७ मध्ये नाशिकला पुन्हा कुंभमेळा आहे. २०१५ मध्ये २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला बंदोबस्त एवढा कडक होता की गावातल्या माणसांनाच घराबाहेर पडता येईना, अशी ओरड झाली होती. कुठला रस्ता बंद, कुठून पायी सोडतात, हे तासातासाला बदलत होतं. ही खास केबलची बातमी. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक कलम आहे: प्लॅटफॉर्म सेवेवरचा मजकूर दुसऱ्या जाळ्याला देता येणार नाही, अपवाद फक्त मंदिर, गुरुद्वारा अशा प्रार्थनास्थळांवरून होणाऱ्या थेट प्रक्षेपणाचा. म्हणजे काळारामाची आरती शहरातल्या सगळ्या केबल कंपन्यांना वाटून दाखवता येईल. रामकुंडाकडे जाणारा कुठला रस्ता पोलिसांनी बंद केला, हे मात्र ज्याने त्याने स्वतःचा कॅमेरा पाठवून, स्वतःच्या वायरीवर सांगायचं.